मयूखाचा मुलूख

२०२५ च्या फेब्रुवारीत गुजरात सरकारने समान नागरी कायद्याचा विचार करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्यानंतरच्या आपल्या मंडळाच्या बैठकीत चहाच्या वेळी त्यावर बोलणे निघाले. एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "समान कायदा यायचा तेव्हा येईल, पण आजवर आपण सुरतेतले मराठी लोक वारसाहक्काच्या बाबतीत नेमक्या कोणत्या कायद्याने चालत आलो?" एक म्हणाले, मिताक्षरेने, आपण मूळचे देशावरचे. दुसरे म्हणाले, गुजरातेत मयूख चालतो, आणि घर गुजरातेत आहे. तिसऱ्यांनी १९५६ साली हिंदू वारसा कायदा आला तेव्हाच हा प्रश्न मिटला असे सांगून कप खाली ठेवला. तिघांच्याही बोलण्यात तथ्य होते आणि तिघांचेही उत्तर अपुरे होते. त्या संध्याकाळी घरी येऊन जी पुस्तके काढली, त्यांच्या वाचनातून हा लेख झाला.

विषय कायद्याचा, मग साहित्याच्या निबंधपत्रिकेत त्याला जागा का, असे कोणी म्हणेल. माझे उत्तर असे की हा वाद जितका न्यायालयांत झाला तितकाच पुस्तकांत झाला, आणि ती पुस्तके मोठ्या मराठी पंडितांनी लिहिलेली आहेत. विश्वनाथ नारायण मंडलिक आणि पांडुरंग वामन काणे ही नावे आपल्याकडे हात जोडून घेतली जातात. त्यांचे ग्रंथ मात्र वाचले जात नाहीत. ते वकिलांनी वाचायचे असा समज आहे. आणि वकिलांनी तर १९५६ नंतर ते माळ्यावर टाकले. पुस्तक म्हणून त्यांचे मूल्यमापन कोणी करायचे?

मूळ ग्रंथापासून आरंभ करू. 'व्यवहारमयूख' हा नीलकंठ भट्टांचा ग्रंथ. त्यांचा 'भगवंतभास्कर' हा बारा मयूखांचा, म्हणजे बारा किरणांचा, प्रचंड निबंध आहे. संस्कार, आचार, श्राद्ध, दान, प्रायश्चित्त असे एकेका विषयाचे एकेक किरण, आणि त्यांपैकी न्यायदान, दायविभाग, दत्तक हे विषय सांगणारा तो व्यवहारमयूख. काण्यांनी नीलकंठांचा लेखनकाळ सुमारे १६१० ते १६४५ असा धरला आहे. हे घराणे मूळचे पैठणचे. त्यांचे पणजोबा रामेश्वरभट्ट सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात पैठण सोडून काशीस गेले आणि तेथेच राहिले. रामेश्वरभट्टांचे पुत्र नारायणभट्ट. त्यांच्या एका पुत्राच्या वंशात 'निर्णयसिंधु'कार कमलाकरभट्ट आणि शिवराज्याभिषेकाचे गागाभट्ट, दुसऱ्या पुत्राचे, शंकरभट्टांचे, चिरंजीव नीलकंठ. नीलकंठांचा आश्रयदाता भगवंतदेव हा चंबळा आणि यमुना यांच्या संगमाजवळच्या भरेह येथील सेंगर राजा. म्हणजे पैठणहून निघालेल्या कुळातील पंडित, काशीत राहून, यमुनातीरीच्या रजपुतासाठी ग्रंथ लिहितो. आणि दोनशे वर्षांनी तो ग्रंथ सुरत, अहमदाबाद आणि मुंबई येथल्या लोकांचा कायदा होतो. उलट महाराष्ट्राचा म्हणून जो ग्रंथ मानला गेला ती मिताक्षरा विज्ञानेश्वरांनी कल्याणीच्या चालुक्यांच्या राजधानीत लिहिली. ते गाव आज कर्नाटकात, बीदर जिल्ह्यात आहे. ज्या ग्रंथांवरून आपण आपला मुलूख ठरवतो, त्यांतल्या एकाचाही जन्म त्या मुलखातला नाही.

मग मयूख गुजरातेचा झाला कसा? येथे आपल्या सुरतेचा संबंध येतो. कंपनी सरकारची मुंबई इलाख्याची सदर अदालत १८२० नंतरच्या काही वर्षांत सुरतेस बसत असे. तेथल्या मुलकी सेवेतील हॅरी बोराडेल या अधिकाऱ्याने व्यवहारमयूखाचे इंग्रजी भाषांतर केले आणि ते १८२७ साली सुरतेतच छापून निघाले. त्याच वर्षी एल्फिन्स्टनची संहिता आली. तिच्यातील चौथ्या रेग्युलेशनने न्यायाधीशांना सांगितले की सरकारी कायदा नसेल तेथे देशाचा रिवाज पाहावा, रिवाज नसेल तेथे प्रतिवादीचा धर्मशास्त्रीय कायदा, आणि तोही नसेल तेथे न्याय व सदसद्विवेक. रिवाज पहिला आणि ग्रंथ नंतर, असा हा क्रम होता. परंतु साहेबाच्या टेबलावर रिवाज नसतो, पुस्तक असते. बोराडेलला हे उमगलेले असावे. कारण त्याच सुमारास त्याने गुजरातेतील जातीजातींच्या पंचांकडून त्यांचे नियमही लिहून घेतले होते. मयूखाचे भाषांतर तत्काळ छापले गेले. जातींच्या नियमांचा संग्रह मात्र सर मंगळदास नथुभाईंनी १८८० च्या दशकात छापून आणीपर्यंत बासनातच राहिला. या मधल्या अर्ध्या शतकात न्यायालयांची पायवाट पडून गेली होती.

बोराडेलच्या भाषांतराविषयी चांगले बोलणे कठीण आहे. ग्रंथाचे नावसुद्धा ओळखू येऊ नये अशी त्याची वर्णयोजना आहे, आणि मीमांसेच्या परिभाषेने भरलेले युक्तिवाद त्याने पुष्कळदा शब्दांवर शब्द ठेवून पुढे ढकलले आहेत. तरीही हे पुस्तक नसते तर नीलकंठ काशीच्या पोथ्यांतच राहिले असते, असे मला वाटते. अधिकारी ग्रंथ कोणता, याचे उत्तर त्या काळी बऱ्याच अंशी 'इंग्रजीत मिळतो तो' असे होते. कोलब्रुकने १८१० साली मिताक्षरेचा दायविभाग इंग्रजीत आणला, बोराडेलने १८२७ साली मयूख आणला. या दोन छापील पुस्तकांमध्ये सारा पश्चिम हिंदुस्थान वाटला गेला.

न्यायालयांनी आखलेली रेघ अशी: गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण येथे मयूख श्रेष्ठ, म्हणजे मिताक्षरेशी विरोध आला तर मयूख मानायचा; उरलेल्या महाराष्ट्रात मिताक्षरा श्रेष्ठ आणि मयूख दुय्यम. ही रेघ लोकव्यवहारात कितपत होती? वेस्ट आणि ब्यूलर यांनी १८६७ आणि १८६९ मध्ये इलाख्यातील अदालतींच्या शास्त्र्यांची लेखी उत्तरे एकत्र करून प्रसिद्ध केली. तो संग्रह चाळताना जाणवते की पुण्याच्या काय, खानदेशच्या काय किंवा सुरतेच्या काय, शास्त्री उत्तराखाली दोन्ही ग्रंथांचे आधार देतात. छापील निवाड्यांत जितकी ठळक दिसते तितकी ही रेघ त्या उत्तरांत दिसत नाही. १८६४ च्या अकराव्या कायद्याने शास्त्र्यांच्या नेमणुका बंद झाल्या. संग्रह प्रसिद्ध झाला तेव्हा उत्तरे देणारे घरी बसले होते.

या पार्श्वभूमीवर मंडलिकांचे १८८० चे पुस्तक वाचले पाहिजे. दापोलीजवळच्या मुरुडचा हा माणूस उच्च न्यायालयातला नामांकित वकील, 'नेटिव्ह ओपिनियन'चा संस्थापक, पुढे व्हाइसरॉयच्या कायदेमंडळाचा सभासद. व्यवहारमयूखाचे मूळ, त्याचे इंग्रजी भाषांतर, संपूर्ण याज्ञवल्क्यस्मृती मूळ व भाषांतरासह, आणि त्यावर विवाह, दत्तक, वारसा यांच्या प्रत्यक्ष चालीरीतींवरील लांबलचक परिशिष्टे, असा हा ग्रंथ आहे. रचनेच्या दृष्टीने त्याला सुबक म्हणता येणार नाही. दोन ग्रंथ एकाच बांधणीत घातल्यासारखे वाटते, आणि वाचक मूळ संहितेत शिरतो न शिरतो तोच परिशिष्टांची हाक येते. मला मात्र परिशिष्टे हाच ग्रंथाचा प्राण वाटतो. पुस्तकात काय लिहिले आहे एवढ्यावर मंडलिक थांबत नाहीत. लोक काय करतात, हेही ते विचारतात. मामाच्या मुलीशी लग्न शास्त्रात बसते की नाही यावर पाने भरण्यापूर्वी ते कोणकोणत्या समाजांत होते हे पाहिले पाहिजे, ही दृष्टी त्या काळच्या पंडितांत दुर्मीळ होती. एल्फिन्स्टनच्या संहितेने जो क्रम सांगितला होता आणि न्यायालयांनी जो उलटा केला होता, तो सुलटा करण्याचा हा खटाटोप होता.

मंडलिकांची मर्यादाही सांगितली पाहिजे. सामाजिक बाबतींत सरकारने कायदा करून हात घालू नये हे त्यांचे मत प्रसिद्ध आहे, आणि रिवाजाविषयीचा त्यांचा आदर त्या मताला फार सोयीचा पडतो. रिवाज म्हणजे काय, तो कोण सांगतो, बायकांना विचारून कोणी सांगितला का, हे प्रश्न त्यांच्या पानांवर येत नाहीत. घरातल्या कर्त्या पुरुषाने सांगितलेली चाल तीच कुळाची चाल, असे ते बहुधा धरून चालतात. सोवळ्यात जेवायला बसलेल्या माणसाने स्वयंपाकाची चौकशी करावी तशी ही चौकशी आहे.

काण्यांकडे वळताना मला थोडा संकोच होतो. तरुणपणी मुंबई विद्यापीठाचे मंडलिक सुवर्णपदक मिळवलेला हा माणूस पुढे मंडलिकांच्याच ग्रंथावर काम करतो, आणि ते इतके नीट करतो की मंडलिकांची आवृत्ती मागे पडते. १९२६ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने त्यांची व्यवहारमयूखाची आवृत्ती काढली. १९३३ साली एस. जी. पटवर्धनांच्या साहाय्याने त्यांनी इंग्रजी भाषांतर केले. आधीची भाषांतरे हाताशी असताना पुन्हा नवे करावेसे वाटले, यातच त्यांचे त्या भाषांतरांविषयीचे मत आले. या आवृत्तीच्या प्रस्तावनेत धर्मशास्त्राच्या इतिहासाची थोडक्यात रूपरेषा द्यावी असा त्यांचा बेत होता. ती रूपरेषा वाढत गेली, १९३० मध्ये तिचा पहिला खंड झाला, आणि १९६२ मध्ये पाचव्या खंडाच्या शेवटच्या भागापर्यंत ती साडेसहा हजारांहून अधिक पृष्ठांवर गेली. 'धर्मशास्त्राचा इतिहास' हा जगन्मान्य ग्रंथ व्यवहारमयूखाच्या प्रस्तावनेतून निघाला, ही गोष्ट गुजरातेतील मराठी माणसाने तरी विसरू नये.

काण्यांचे बळ कोठे आहे हे पाहायचे तर तीन स्थळे घ्यावी.

पहिले आईबापांचे. निपुत्रिक माणूस मेला. पत्नी नाही, मुलगी नाही, मुलीचा मुलगा नाही. धन आईस जावे की बापास? याज्ञवल्क्याने 'पितरौ' एवढेच म्हटले आहे. विज्ञानेश्वर म्हणतात, या शब्दाचा विग्रह करताना माता आधी येते. शिवाय बाप सवतीच्या मुलांचाही असतो, आई आपल्याच मुलांची असते, म्हणून ती अधिक जवळची. नीलकंठांना हे मान्य नाही. विष्णूच्या वचनात बाप स्पष्टपणे आधी आहे, तेव्हा व्याकरणाची कसरत कशाला? परिणाम असा की पुण्यात मेलेल्या मुलाची वतनवाडी आईकडे आणि सुरतेत मेलेल्याची बापाकडे. एका द्वंद्व समासाच्या विग्रहावर घरे फिरली. काणे दोन्ही युक्तिवाद मांडतात, पाठभेद देतात, निवाडे सांगतात, आणि पुढे जातात.

दुसरे स्थळ बहिणीचे. मला सर्वांत प्रिय. याज्ञवल्क्याच्या वारसक्रमात 'गोत्रज' हा शब्द येतो. बहुतेक टीकाकार त्याचा अर्थ पुरुष सगोत्र असा करतात. नीलकंठ शब्दाला धरून बसतात: गोत्रज म्हणजे गोत्रात जन्मलेली व्यक्ती, बहीण भावाच्याच गोत्रात जन्मते, लग्नाने तिचे गोत्र बदलते, जन्म बदलत नाही. म्हणून आजीच्या पाठोपाठ बहीण वारस. या एका वाक्याच्या आधारावर मुंबईच्या विनायक आनंदराव विरुद्ध लक्ष्मीबाई या खटल्यात बहिणींना चुलतभाऊबंदांच्या आधी भावाची मिळकत मिळाली, आणि १८६४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो निर्णय कायम केला. हिंदुस्थानातील बऱ्याच भागांत बहिणीला ही जागा १९२९ च्या कायद्याने मिळाली, आणि तीही आजोबांच्या मागे. पुढे १८८६ मध्ये भागीरथीबाई विरुद्ध कान्होजीराव या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मुलीला बापाकडून वारसाने मिळालेली मिळकत पूर्ण मालकीची असते, हयातीपुरती नव्हे, असे ठरवले. इतर इलाख्यांत मुलीला ती हयातीपुरतीच मिळे. पश्चिम हिंदुस्थानातील स्त्रियांचा हक्क काही ठिकाणी इतरांपेक्षा पुढे होता तो असा.

तिसरे स्थळ विधवेने दत्तक घेण्याचे. पतीच्या आज्ञेवाचून स्त्रीने पुत्र घेऊ नये असे वसिष्ठवचन आहे. बंगालात आणि काशीच्या परंपरेत त्यावरून विधवेचे हात बांधले गेले. नीलकंठ म्हणतात, हे वचन सधवेपुरते. विधवेला पतीची आज्ञा मिळणार कोठून? तिने वडिलांच्या, ते नसल्यास भाऊबंदांच्या अनुमतीने घ्यावा. येथवर नीलकंठ. परंतु १८६८ च्या रखमाबाई विरुद्ध राधाबाई या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने महाराष्ट्रापुरती भाऊबंदांची अनुमतीही अनावश्यक ठरवली. पुढे एकत्र कुटुंबातील विधवेबद्दल १८७९ मध्ये न्यायालय मागे सरले, आणि १९३२ मध्ये भीमाबाईच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने पुन्हा तिला मोकळे केले. म्हणजे न्यायालये मयूखाच्या मागून चालली आणि मग त्याच्या पुढे गेली. तरी प्रत्येक वेळी नाव ग्रंथाचेच घेतले. काण्यांच्या भाषांतरात नीलकंठांची अट जशीच्या तशी आहे, ती झाकलेली नाही. टिपांत निवाडेही आहेत. दोन्ही एका पानावर वाचणाऱ्याला ग्रंथाचे नाव आणि ग्रंथाचे म्हणणे यांतली फट आपोआप दिसते.

ती फट दिसूनही काणे तिच्याविषयी काही म्हणत नाहीत, ही माझी त्यांच्याविरुद्धची तक्रार आहे. ते स्वतः उच्च न्यायालयात वकिली करीत होते. विधवा आणि बहिणी यांचे काय होते हे त्यांना पोथीतून शिकावे लागत नव्हते. तरी संपादक म्हणून त्यांनी तोंडाला कुलूप लावले. हा संयम विद्वत्तेचा आहे यात शंका नाही. पाठ ठरवणाऱ्याने पाठ ठरवावा, कायदा कसा असावा हे कायदेमंडळाने पाहावे, ही भूमिका सभ्य आहे. परंतु बोराडेलपासूनचा इतिहास सांगतो की येथे पाठ ठरवणारा माणूस कायदा ठरवीतच होता, त्याला हवे असो वा नसो. नीलकंठांनी 'गोत्रज' शब्दाचा अर्थ केला तेव्हा त्यांनीही एका परीने कायदा केला. इतक्या मोठ्या संपादकाने एकदा तरी मान वर करून, हा अर्थ मला न्याय्य वाटतो किंवा वाटत नाही, असे म्हणायला हवे होते. १९४४ सालच्या व्याख्यानांवरून झालेले हिंदू रूढी आणि आधुनिक कायदा यांवरचे त्यांचे छोटे पुस्तक आहे; त्यात ते थोडे मोकळे होतात. पण ते पुस्तक काण्यांच्या नावाबरोबर कोणाला आठवत नाही.

येथे काशिनाथ त्र्यंबक तेलंगांची आठवण होते. तेलंग १८८९ पासून १८९३ मध्ये अकाली मृत्यू येईपर्यंत मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. १८९१ च्या आपाजी नरहर कुलकर्णी विरुद्ध रामचंद्र रावजी कुलकर्णी या खटल्यात प्रश्न असा होता: बाप आपल्या भावांबरोबर एकत्र असताना, बापाच्या संमतीशिवाय मुलगा वाटणी मागू शकतो काय? पूर्णपीठातील बहुमत म्हणाले, नाही. तेलंगांनी एकट्याने विरुद्ध मत दिले. त्या मताची बैठक काण्यांइतकीच ग्रंथनिष्ठ आहे. मूळ वचने, टीका, त्यांचा परस्परसंबंध, सगळे आहे. तरी शेवटी ते ठामपणे सांगतात की मुलाला हा हक्क आहे. त्यांचे मत हरले, आणि मुंबई इलाख्यात उलट नियम पुढे चालला. पण वाचताना समोर एक माणूस बोलतो आहे असे वाटते. लेखक म्हणून मी तेलंगांचे ते एक विरुद्धमत काण्यांच्या शंभर टिपांहून वरचढ मानतो. विद्वान म्हणून तुलना करण्याचा मला अधिकार नाही.

आता चहाच्या वेळच्या प्रश्नाकडे. मुलूख बदलला की कायदा बदलतो काय? न्यायालयांचे उत्तर मजेशीर आहे. कुटुंब स्थलांतर करते तेव्हा आपला कायदा ते बरोबर घेऊन जाते असे गृहीत धरायचे. नव्या मुलखाचा कायदा त्याने स्वीकारला असे जो म्हणेल त्याने ते सिद्ध करायचे. १९२० च्या बळवंतराव विरुद्ध बाजीराव या खटल्यात मध्य प्रांतात जाऊन राहिलेल्या महाराष्ट्रीय कुटुंबाबद्दल प्रिव्ही कौन्सिलने हेच तत्त्व लावले. कुटुंब निघाले त्या दिवशी जो कायदा होता तो त्याच्या गाठोड्यात. त्यानंतर मागे राहिलेल्यांनी नवी चाल पाडली तर ती याला लागू नाही. मात्र नंतरच्या निवाड्यांनी जुन्याच कायद्याचा अर्थ स्पष्ट केला असेल तर तो लागू. या हिशेबाने दमाजी गायकवाडांच्या मागून आलेले घराणे आणि रेल्वेच्या नोकरीसाठी आलेले घराणे शेजारी राहूनही वेगवेगळी गाठोडी बाळगत होती. त्यातून सुरत शहर इंग्रजांचे, आणि नवसारी, कामरेज, व्यारा, सोनगड गायकवाडांचे. तेथे बडोद्याचे स्वतःचे कायदे, १९०४ चा बालविवाहप्रतिबंधक, १९३१ चा घटस्फोटाचा. तापीकाठच्या एकाच घरातल्या दोन बहिणी दोन राज्यांत दिल्या तर एकीला नवरा सोडता येई आणि दुसरीला येत नसे. लोकांच्या चाली टिपून ठेवणाऱ्या मंडलिकांची दृष्टी अशा ठिकाणी उपयोगी पडते. काण्यांचा शुद्ध पाठ येथे हात टेकतो.

हा सगळा गोंधळ १९५६ ने संपवला, असे आमचे तिसरे सभासद म्हणाले. माझा अनुभव वेगळा आहे. १९९९ साली आमच्या एका चुलत्यांचे निधन झाले. राहते घर सुरतेत, वडिलोपार्जित शेत नंदुरबारकडे. दोन मुलगे, दोन मुली; थोरलीचे लग्न १९९० मध्ये झालेले, धाकटी अविवाहित. महाराष्ट्राने १९९४ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला जन्मतः सहदायाद केले होते. त्या कायद्यापूर्वी लग्न झालेल्या मुली मात्र वगळल्या होत्या. गुजरातने तशी दुरुस्ती केली नव्हती. सुरतेच्या वकिलांनी सांगितले, मुलींना बापाच्या हिश्शातला हिस्सा, बाकी काही नाही. तिकडच्या वकिलांनी सांगितले, धाकटीला भावांइतका. घर आणि शेत यांना दोन नियम, आणि दोन सख्ख्या बहिणींनाही दोन नियम. मिताक्षरा आणि मयूख जाऊन चाळीस वर्षे झाली होती, रेघ पुन्हा नवापूरपाशीच उमटली होती. शेवटी जे गुजरातेत घरोघर होते तेच झाले. दोघी बहिणींना बोलावून 'हक कमी'च्या कागदावर सह्या घेतल्या. त्या दिवशी घरात पुरणपोळी केली होती, हे मला आठवते. सह्या घेणाऱ्यांत मीही साक्षीदार म्हणून होतो.

२००५ च्या दुरुस्तीने सबंध देशात मुलगी सहदायाद झाली, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा हक्क जन्माचा आहे, त्यासाठी २००५ मध्ये बाप हयात असण्याची गरज नाही. जन्म बदलत नाही, हे नीलकंठांनी बहिणीबद्दल म्हटलेच होते. अर्थात ते तिला सहदायाद मानायला तयार झाले नसते, आणि त्यांना आजच्या पंगतीत ओढून बसवण्याचा माझा हेतू नाही.

लेख संपवण्यापूर्वी भाषेची तक्रार नोंदवतो. मुरुडचे मंडलिक, चिपळूणकडचे काणे, तेलंग, पुण्याचे घारपुरे, या सर्वांनी आपल्या कायद्यावर जे लिहिले ते मुख्यतः इंग्रजीत. न्यायालय इंग्रजी होते, हे कारण खरे आहे. पण बडोद्याने १९३१ मध्ये 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' काढून कायद्याच्या इंग्रजी शब्दांना मराठी, गुजरातीसह अनेक भाषांतले पर्याय दिले, तेव्हा वाट नव्हती असे नाही. काण्यांच्या महाग्रंथाचा सारांश यशवंत आबाजी भटांनी मराठीत केला, तो उपयुक्त आहे. व्यवहारमयूखाचे बहिणीवरचे ते एक पान मात्र साध्या मराठीत, टिपांसह, माझ्या पाहण्यात आले नाही. म्हणून मी ते स्वतःच, येते तसे, उतरवले आणि त्या धाकट्या चुलतबहिणीला वाचून दाखवले. आता ती साठीला आली आहे. जुना कागद उकरून काढायचा नाही असे तिने केव्हाच ठरवले आहे. तिने शांतपणे ऐकले. मग विचारले, "हे पुस्तक त्या वेळी आपल्या घरात होते का?" होते. आजोबांच्या कपाटात, वरच्या कप्प्यात, मंडलिकांची प्रत होती. मी ती आणून तिच्या हातात दिली. तिने दोन-चार पाने उलटली, इंग्रजी मजकूर पाहिला, आणि पुस्तक मिटून परत केले.